बिनएसीचा हॉल: व्यायामशाळेची इमारत, फायली आणि तापमानाची वही

गेल्या काही महिन्यांत आसपासच्या दोन-तीन मंडळांचे फोन आले. तुमची व्यायामशाळा म्हणे एसीशिवाय थंड राहते, ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट पण करताय, मग आम्ही सुरुवात कुठून करायची, कोणाकडे जायचं, पैसे किती लागतात. फोनवर अर्धवट सांगून होतं आणि कामाचं नेमकं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी मंडळाची खजिनदार आहे, इंजिनिअर नाही, त्यामुळे जे समजलं ते बिलं आणि फायली हाताळता हाताळता समजलेलं आहे.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं. मे महिन्यात ४४-४५ हे आमच्याकडे बातमीतसुद्धा येत नाही. जुनी व्यायामशाळा म्हणजे सिमेंटच्या पत्र्याचं शेड, एका अंगाला लाल मातीचा आखाडा, मल्लखांब, आणि मधे कशीबशी बसवलेली बॅडमिंटनची एक कोर्ट. २०२२ च्या पावसाळ्यात इतकं गळायला लागलं की पोरं बादल्या ठेवून खेळत होती. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, त्यात निघालं की छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आतून गंजल्यात आणि नुसते पत्रे बदलून भागणार नाही. मग त्या दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं की पाडून नवीनच बांधायचं.

ठरलं तर ठरलं पण पाडायच्या आधी आम्ही एक उन्हाळा मोजण्यात घालवला आणि मला आजही वाटतं की सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट तीच झाली. ही कल्पना आमच्या आर्किटेक्ट मॅडमची, त्या धुळ्याच्या. त्यांनी तीन साधे डिजिटल थर्मामीटर आणायला लावले, एक आत कोर्टजवळ, एक आखाड्यापाशी, एक बाहेर निंबाच्या सावलीत, सगळे छातीच्या उंचीवर, आणि आमच्या वॉचमन नानांना एक वही दिली. सकाळी सहा, दुपारी चार, रात्री नऊ, एवढ्या वेळा आकडा लिहायचा. २०२३ च्या एप्रिल-मेची ती वही माझ्याकडे आहे. बाहेर सावलीत ४३ तर आत कोर्टवर ४५-४६, म्हणजे शेडमध्ये बाहेरपेक्षा जास्त! आणि रात्री नऊला बाहेर ३३ वर आलेलं असायचं तरी आत ३७-३८ च. फक्त आखाड्यात दोन-तीन डिग्री कमी, कारण माती रोज पाणी मारून ओली ठेवलेली. पुढे प्रत्येक भांडणात ही वही टेबलावर आली.

भांडण म्हणजे कसलं, तर बहुतेक मेंबरांचं म्हणणं, वर सोलर लावू, खाली एसी लावू, बिल शून्य, विषय संपला. एक भाऊसाहेब तर कोटेशन घेऊनच आले होते. मॅडमनी शांतपणे सांगितलं की नऊ मीटर उंच हॉलची सगळी हवा थंड करायची तर कितीतरी टनांचा एसी लागेल, आणि तापलेल्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. आधी छत, मग भिंत, मग रात्रीची हवा, आणि सोलर सगळ्यात शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा. आम्हाला भेटलेले बहुतेक व्हेंडर उलट्या बाजूने सुरुवात करायला लावत होते, कारण त्यांना सोलर विकायचं असतं.

आता कागदपत्रं. जागा नगरपरिषदेची, आमच्याकडे भाडेपट्ट्यावर. भाडेपट्ट्याची मुदत थोडीच उरलेली, आणि जिथे पैसे मागायला जावं तिथे पहिला प्रश्न तोच. नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे सर्वसाधारण सभेची वाट बघायला लागली नाही हा एक फायदा झाला, मुदतवाढीचा ठराव प्रशासकांच्या सहीनेच झाला. तरी जून ते ऑक्टोबर २०२३ त्यात गेले. मधल्या काळात सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशासाठी, तयारी केली. ज्यांना कंपनीचे पैसे हवेत त्यांनी हे आधी करून ठेवा: ट्रस्टचं १२ए आणि ८०जी (आयकरातल्या सवलतीच्या नोंदण्या) नवीन पद्धतीने नोंदवलेलं पाहिजे आणि त्यावर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर पाहिजे, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कुठलीही कंपनी संस्थेला पैसे देऊ शकत नाही. आमचे एक ट्रस्टी वारलेले आणि त्यांच्या जागी नवीन नाव लागायचं होतं, तो चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात मंजूर झाल्याशिवाय पुढचं काहीच हलेना. आणि बँकेकडून थोडं कर्ज काढायचं ठरलं तर त्यालाही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६-अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ही गोष्ट बऱ्याच मंडळांना माहीतच नसते आणि ऑडिटला अडकतात.

ज्या कंपनीने मोठा वाटा दिला त्यांची अट होती की इमारतीला ग्रीन रेटिंग पाहिजे. आम्ही म्हटलं आली का पंचाईत. मग कळलं की लहान इमारतींसाठी गृहा कौन्सिलचं (ही ग्रीन इमारतींना रेटिंग देणारी संस्था) वेगळं रेटिंग आहे, स्वगृहा, २५०० चौरस मीटरच्या आतल्या बांधकामांना, त्यात १४ निकष आणि ५० गुण. आमचा हॉल, जिम, आखाडा, वाचनाची खोली सगळं धरून साडेआठशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे त्यात आरामात बसतो. फी बदलत असते, ती त्यांच्याकडूनच विचारून घ्या. आमच्याकडे एक बिल्डर म्हणाले की ताई, तुम्हाला यात एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते, वाढवून मिळेल. मिळतो, युडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) तीन स्टारला ३ टक्के, चारला ५, पाचला ७ असा जादा एफएसआय आहे, पण आम्हाला मजलेच चढवायचे नव्हते, त्यामुळे ते आमच्या काही कामाचं नव्हतं.

नकाशा ऑनलाइन टाकला, आणि तिथे पार्किंगचा घोळ. पहिल्या नकाशात पार्किंग बसवायला दोन मोठे निंब जात होते. तोडायचे तर वृक्ष कायद्याखाली परवानगी, हरकतींची मुदत, वेगळी फाईल. मॅडमनी पार्किंगच फिरवून उत्तरेला नेलं आणि निंब पश्चिमेच्या भिंतीला सावली द्यायला तसेच ठेवले. मग सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवा म्हणून एक गट मागे लागला (आमच्या गावात स्मशानापासून शाळेपर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, कोणाचं प्रेम आहे देव जाणे). पेव्हर तापतो, पाणी मुरू देत नाही आणि रेटिंगमध्ये गुणही जातात, म्हणून चालायच्या वाटेपुरता घातला आणि बाकी मुरूम-खडी. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी मुरवणं सक्तीचं आहेच, पण नकाशात नुसता गोल काढून देऊ नका, जागा नीट ठरवा. आमच्याकडे वरून काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे शोषखड्डा पायापासून लांब पाहिजे, नाहीतर आपलंच पाणी आपल्याच भिंतीला तडे देतं. पायासुद्धा काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागला, आणि अंदाजपत्रकातला पहिला फुगवटा तिथेच आला, दोन लाखांच्या वर.

जुने पत्रे काढताना एक काळजी घ्या. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते आपटून फोडायचे नाहीत, पाणी मारून, मास्क लावून, अख्खे उतरवायचे. भंगारवाला हातोडा घेऊनच आला होता, त्याला परत पाठवला.

बांधकाम सुरू झालं नोव्हेंबर २०२३ ला. विटा फ्लायॲशच्या, भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख या भागात भरपूर वापरतात, त्यामुळे विटा सहज मिळाल्या आणि मातीच्या भट्टीच्या विटेपेक्षा भावही बरा पडला. पण पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत मॅडमना रॅट-ट्रॅप पद्धतीने पाहिजे होती. म्हणजे वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, आत पोकळी राहते, ती हवा ऊन आत येऊ देत नाही, आणि विटा पण साधारण चतुर्थांश कमी लागतात. आमचे मिस्तरी गावातले जुने, हात एकदम साफ, पण त्यांनी एक थर लावला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, हाई भीत टिकी का? आतमधून पोकळ शे." मग मॅडमनी तिथेच चार फुटाची नमुन्याची भिंत बांधायला लावली. दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी स्वतः तिला खांदा लावून बघितला, घण टेकवून बघितला, खिडकीच्या आणि कोपऱ्याच्या जागी भरीव थर कसे घ्यायचे ते दोरी धरून समजून घेतलं, आणि मग असे काही सुटले की शेवटी दुसऱ्या साईटवाल्यांना तेच शिकवायला लागले. पुढे एकदा म्हणाले की आमच्या धाब्याच्या घरात भिंत दोन हात जाड असायची म्हणून गार लागायचं, इथे तुम्ही जाडी हवेची केली. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं त्यांनी. सल्ला एवढाच की नवीन पद्धत असली तर ठेका देताना नमुना भिंतीचे पैसे वेगळे धरा, त्यावरून वाद होतात.

छताला आम्ही पफ पॅनेल घेतलं, दोन पत्र्यांच्या मधे पन्नास मिलिमीटरचं फोम, वरून पांढरा रंग. साध्या पत्र्याच्या जवळपास दुप्पट खर्च, आणि इथेच कमिटी सगळ्यात जास्त अडली. तेव्हा वही काढली. चार वाजताचे आकडे वाचून दाखवले आणि विचारलं की या तापमानात आपण पोरांकडून फी घेणार का. मंजूर झालं. कैच्यांचं डिझाइन करतानाच फॅब्रिकेटरला लेखी दिलं की वर सोलर येणार आहे, प्रत्येक चौरस मीटरला पंधरा-वीस किलो जादा वजन धरा आणि वाऱ्याचा हिशोब आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे दाखवा. खान्देशात राहणाऱ्याला हे सांगायला नको, वळवाचं एक वादळ केळीच्या अख्ख्या बागा आडव्या करतं, आमचा पॅनेल कोणाच्या अंगावर जाऊन पडला तर?

मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शासकीय निधीचा हप्ता थांबला. सीएसआरचा पहिला हप्ता संपत आलेला, छत अर्धं. तो काळ फार वाईट गेला खरं सांगते. मजूर सोडून जातील म्हणून आम्ही लोकवर्गणी काढली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघर फिरलो, माहेरी आलेल्या लेकींनी पण शंभर-दोनशे दिले. छत जूनच्या पहिल्या पावसाआधी कसंबसं पूर्ण झालं. मग ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, परत तेच. निवडणुकीच्या वर्षात सरकारी पैशावर बांधकाम काढणार असाल तर सहा महिने जास्तीचे धरूनच चाला. एका कार्यालयात आमचं उपयोगिता प्रमाणपत्र (आलेला निधी ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) दोनदा गहाळ झालं, त्यामुळे आता मी प्रत्येक कागदाची आवक नंबरासकट पोच घेते आणि फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकते. तुम्हीही तेच करा.

उजेड आणि हवा यावर बॅडमिंटनवाल्यांशी झालेला वाद मात्र गोड होता. त्यांना वारा नको, शटल वाहतं. पहिलवानांना वारा पाहिजे. आणि छतात पारदर्शक पत्रे टाकू नका असं खेळाडूंनी आधीच बजावलं, वर बघितलं की डोळे दिपतात आणि त्यातून ऊन पण थेट येतं. म्हणून उजेडाला उत्तरेकडे उंचावर खिडक्या, कोर्टच्या मागच्या भिंती गडद हिरव्या, आणि खिडक्यांवर बाहेरून आडव्या पट्ट्या. उत्तरेला पट्ट्या कशाला असं मीही विचारलं होतं. तर आपल्या अक्षांशावर, २१ अंशावर, मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. हे आयुष्यभर इथे राहून मला माहीत नव्हतं.

वाऱ्याचा तोडगा असा निघाला की भिंतीच्या खालच्या बाजूला जाळीचे झडपे आणि छताच्या शिरावर गरम हवा जायला जागा. झडपे रात्री उघडायचे, सकाळी नऊच्या आत बंद करायचे. रात्रभर गार हवा खालून येते, गरम वरून निघून जाते, भिंती आणि फरशी थंड होतात आणि दुपारी तेच कामाला येतं. मॅच सकाळी आणि संध्याकाळी, तेव्हा झडपे बंदच. छताला एक मोठा मंद फिरणारा पंखा, तो सराव संपला की लावतात. जिमला बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे घेतले, तीस-पस्तीस वॉटचे, जुने सत्तर-पंचाहत्तर खायचे. कोर्टवर जुने ४०० वॉटचे दिवे जाऊन दीडशेचे एलईडी आले.

पण हे सगळं नानांवर अवलंबून आहे. रात्री कोणी झडपे उघडले नाहीत तर इतका खर्च करून आपण नुसता महागडा बंद डबा बांधला असं होतं. पहिल्या महिन्यात चोरीच्या भीतीने नाना बंदच ठेवायचे, त्यांचंही बरोबर. मग आतून लोखंडी गज बसवले, त्यांचा पगार थोडा वाढवला आणि झडपे उघडल्या-बंद केल्याची वेळ त्याच वहीत लिहायला लागले. आर्किटेक्टच्या फीइतकंच वॉचमनच्या पगाराकडे बघा असं मी आता सगळ्यांना सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये हॉल सुरू झाला. सोलर १५ किलोवॅट, साडेसात-आठ लाखांच्या मधे. दोन गोष्टी नीट ऐका. घरगुती सोलरची पीएम सूर्यघरची सबसिडी संस्थांना नाही, आम्हाला एका एजंटने मिळेल म्हणून सांगितलं होतं. आणि वीज कंपनीने कनेक्शनला मंजूर केलेल्या भारापेक्षा मोठी सिस्टीम नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज त्यांना देऊन ती आपल्या बिलातून वळती करून घ्यायची सोय) बसत नाही, म्हणून आधी मंजूर भार वाढवून घ्या, मग अर्ज करा, नाहीतर अर्ज परत येतो. आमची गर्दी पहाटे आणि संध्याकाळी, ऊन दुपारी, त्यामुळे नेट मीटर नसेल तर सोलरचा अर्धाअधिक उपयोग वाया. अर्ज, तांत्रिक पाहणी, करारनामा, मीटर तपासणी, मग दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर, यात मार्च उजाडला. किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट पडतात, म्हणजे महिन्याला अठराशेच्या आसपास, पावसाळ्यात कमी. पॅनेलवर आमच्याकडची धूळ जबरदस्त बसते, पंधरा दिवसांनी पहाटे धुवायचे, काच तापलेली असताना पाणी मारायचं नाही. ते पाणी निंबांना जातं.

छताच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छत सहाशे चौरस मीटर, पाऊस सहाशे मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं सोडलं तरी वर्षाला तीन लाख लिटर, दहा हजारी टँकर धरले तर तीस. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढून मग टाकीत, टाकी भरली की जादाचं शोषखड्ड्यात. ते पाणी संडासाला आणि आखाड्याच्या मातीला वापरतो. पहिलवान म्हणतात पावसाच्या पाण्याने माती जास्त मऊ राहते, मला काही फरक कळत नाही.

आणि वही? एप्रिल २०२५ च्या शेवटी दुपारी चारला बाहेर सावलीत ४३, आत कोर्टवर ३६-३७. गार म्हणता येणार नाही, घाम येतोच, पण जुन्या शेडमध्ये दुपारी कोणी पाय ठेवत नव्हतं आणि आता शाळेच्या सुट्टीतली पोरं तीन वाजता येऊन बसतात. जून-जुलैच्या दमट दिवसांत फरक कमी जाणवतो, तेव्हा पंख्यावरच भिस्त. एकूण खर्च पावणेदोन कोटींच्या आसपास गेला, सुरुवातीच्या अंदाजापेक्षा वीस-बावीस लाख जास्त, त्यातला बराचसा पाया आणि छत. बँकेचे हप्ते अजून चालू आहेत आणि महिन्याची फी पन्नास रुपयांनी वाढवावी लागली, त्यावर कुरकुर झाली.

रेटिंगवाल्यांची पाहणी होऊन गेली. त्यांनी विटांची बिलं, दिव्यांचे वॉट, रंगाचे डबे, सगळं तपासलं, त्यामुळे बांधकाम चालू असतानाच बिलांवर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, नुसतं "सॅनिटरी सामान" असं बिल चालत नाही. आमचं सध्या तिथेच अडलंय. नळांतून मिनिटाला किती पाणी येतं त्याचं पत्रक पाहिजे आणि ज्या दुकानातून नळ घेतले त्याने बिलावर नुसतं "नळ, १८ नग" लिहिलंय. सोमवारी परत जाणार आहे त्याच्याकडे, बादली आणि घड्याळ घेऊन मोजमाप करून दिलं तर चालेल का असं मेलवर विचारलंय, उत्तर आलं की खाली लिहीन.